किडनीचा आजार हाडं आणि हृदयापर्यंत कसा पोहोचतो? कॅल्शियमची गोळी घेण्याआधी हे समजून घ्या

कंबर धरली, गुडघे दुखायला लागले, जिना चढताना मांड्या भरून आल्या की आपल्याकडे एक निदान ठरलेलं असतं. "कॅल्शियम कमी झालंय." मग मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट येतं, सोबत दुखणं थांबवणाऱ्या दोन-चार गोळ्या येतात आणि काम पुन्हा सुरू होतं.

धाराशिव जिल्ह्यातलं ढोकी हे तेरणा साखर कारखान्याचं गाव. आजूबाजूला ऊस, सोयाबीन, तूर, हरभऱ्याची शेती. अशा कष्टाच्या भागात अंगदुखी कुणाला चुकत नाही, त्यामुळे त्याकडे कुणी फारसं लक्षही देत नाही.

पण ज्या माणसाला मधुमेह आहे, बीपी आहे किंवा 'क्रिएटिनिन थोडं वाढलंय' असं डॉक्टरांनी कधीतरी सांगितलंय, त्याच्या हाडांचं दुखणं वेगळं असू शकतं. तिथे प्रश्न कॅल्शियम कमी खाल्ल्याचा नसतो. किडनी बिघडल्यामुळे हाडांतलं कॅल्शियम बाहेर काढलं जात असतं आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचत असतं. म्हणजे जिथे हवं तिथून जातं आणि जिथे नको तिथे जमतं.

किडनीच्या जुनाट आजारात अनेक रुग्णांचा मृत्यू किडनी पूर्ण निकामी होण्याआधीच हृदयविकाराने होतो, हे जगभरातल्या अभ्यासांतून वारंवार दिसून आलं आहे. किडनी, हाडं आणि हृदय यांचं हे नातं नेमकं काय आहे? आणि ते वेळेत ओळखायचं कसं?

किडनी फक्त लघवी तयार करते का?

नाही. रक्त गाळून नको असलेले घटक बाहेर टाकणं हे तिचं मुख्य काम आहे, पण त्यासोबत ती आणखी काही कामं करते. रक्तदाब सांभाळते. रक्त तयार होण्यासाठी लागणारं एक हार्मोन बनवते. आणि व्हिटॅमिन डीला शरीराच्या उपयोगी पडेल अशा सक्रिय रूपात बदलते.

ऊन अंगावर घेतलं की त्वचेत व्हिटॅमिन डी तयार होतं, हे आपल्याला माहीत आहे. पण ते व्हिटॅमिन डी कच्चं असतं. आधी यकृतात आणि मग किडनीत त्यावर प्रक्रिया होते, तेव्हा कुठे ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करतं. किडनी खराब झाली की दिवसभर शेतात उन्हात राबणाऱ्या माणसाच्या शरीरातही हे सक्रिय व्हिटॅमिन डी कमी पडू शकतं.

दुसरं काम आहे फॉस्फरसचा हिशोब ठेवण्याचं. शेतकऱ्यांना हा शब्द नवा नाही. नत्र, स्फुरद, पालाश यातलं स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. पिकाला लागतं तसं ते माणसालाही लागतं. दूध, डाळी, मांस, अंडी, तेलबिया या सगळ्यांतून ते रोज पोटात जातं. गरजेपेक्षा जास्त झालेलं फॉस्फरस निरोगी किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही.

हाडं पोकळ का होतात?

शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम आणि ८५ टक्के फॉस्फरस हाडांमध्ये असतं. हाड म्हणजे शरीराची बँक आहे असं समजा. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की या बँकेतून काढलं जातं.

किडनीची क्षमता घटायला लागली की घटनांची एक साखळी सुरू होते.

सगळ्यात आधी हाडांमधल्या पेशी 'एफजीएफ-२३' नावाचं हार्मोन जास्त सोडू लागतात. "जास्तीचं फॉस्फरस बाहेर टाक" असा हा किडनीला निरोप असतो. पण हेच हार्मोन सक्रिय व्हिटॅमिन डीचं उत्पादनही कमी करतं. व्हिटॅमिन डी कमी, म्हणून आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. रक्तातलं कॅल्शियम खाली येऊ लागतं.

मग गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी जाग्या होतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथींचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम घसरू न देणं. त्या 'पॅराथायरॉईड हार्मोन' म्हणजे पीटीएच सोडतात आणि पीटीएच हाडांच्या बँकेतून कॅल्शियम काढायला लागतं.

किडनी सुधारत नाही, त्यामुळे हा उपसा थांबतच नाही. वर्षानुवर्षं तो चालू राहिला की हाड ठिसूळ होतं, दुखतं आणि किरकोळ पडण्यानेही मोडतं. डायलिसिसवर असलेल्या लोकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत सुमारे ४ पट असल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात आढळलं होतं.

इथे एक फसगत होते. रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ते अनेकदा नॉर्मल येतं, कारण हाडं रिकामी करून ते नॉर्मल ठेवलेलं असतं. खिशात पैसे दिसतात, पण ते घरातलं सोनं मोडून आलेले असतात, तसंच हे.

आणि हृदयाचं काय?

हाडांतून कॅल्शियमसोबत फॉस्फरसही बाहेर पडतं. किडनी ते काढू शकत नाही, म्हणून रक्तात ते वाढत जातं. आणि वाढलेलं फॉस्फरस रक्तवाहिन्यांवर परिणाम करतं.

पूर्वी असं वाटायचं की ठिबकच्या नळीत क्षार साचतात, तसं कॅल्शियम रक्तवाहिनीत नुसतं साचत असेल. पण संशोधनातून जे दिसलं ते जास्त गंभीर आहे. फॉस्फरस जास्त असलं की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी आपलं रूप बदलतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे भिंतच हाडासारखी होऊ लागते.

उन्हात वर्षानुवर्षं पडलेला रबरी पाइप कसा कडक होतो? त्यातून पाणी जातं, पण तो फुगत नाही, लवचीक राहत नाही. तसंच या धमन्यांचं होतं. हृदयाने रक्त ढकललं की निरोगी धमनी थोडी फुगते आणि दाब झेलते. कडक धमनी झेलत नाही. तो सगळा दाब हृदयावर येतो. दर मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा असा जोर लावून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड झालेलं हृदय पुढे थकतं, त्याचे ठोके बिघडू शकतात.

त्यात एफजीएफ-२३ची भर पडते. हे वाढलेलं हार्मोन हृदयाच्या स्नायूवर थेट परिणाम करून त्याची भिंत जाड करू शकतं, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. बीपी, किडनी बिघडल्यामुळे कमी झालेलं रक्त आणि अंगात साचलेलं पाणी या गोष्टी तर असतातच.

हे म्हातारपणीचं दुखणं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डायलिसिसवर असलेल्या २० ते ३० वयाच्या १६ जणांच्या हृदयाचा स्कॅन केला, तेव्हा १४ जणांच्या हृदयाच्या धमन्यांमध्ये कॅल्शियम साचलेलं आढळलं. विशी-तिशीतल्या मुलांच्या धमन्यांची ही अवस्था होती.

हे डॉक्टरांच्या लक्षात कधी आलं?

किडनी आणि हृदयाचा संबंध तसा जुना आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ सालीच नोंदवलं होतं की किडनीच्या आजाराने दगावलेल्या अनेकांचं हृदय मोठं झालेलं असतं. हाडांचा संबंधही १८८३ साली लंडनमध्येच नोंदवला गेला. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या किशोरवयीन मुलांची हाडं मुडदूस झाल्यासारखी वाकत होती.

डायलिसिस आलं आणि किडनी निकामी झालेली माणसं जगू लागली. महाराष्ट्राला आठवणारं एक उदाहरण जयप्रकाश नारायण यांचं आहे. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची किडनी निकामी झाल्याचं समोर आलं. नोव्हेंबर १९७५मध्ये सुटका झाल्यावर मुंबईतल्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि पुढे ते डायलिसिसवर जगले. ८ ऑक्टोबर १९७९ला पाटण्यात त्यांचं निधन झालं. त्यांना मधुमेह आणि हृदयविकारही होता.

त्याच सुमारास, १९७४ साली, अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. मशीनने जीव वाचतो, पण नंतर धमन्यांचा आजार गाठतो, असं त्यातून दिसत होतं.

हाडं आणि धमन्या ही एकाच आजाराची दोन टोकं आहेत, हे मान्य होऊन त्याला एक नाव मिळायला २००६ साल उजाडलं. 'केडिगो' या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने या स्थितीची व्याख्या केली आणि २००९ साली त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१७ साली त्यात सुधारणा झाल्या.

मग कॅल्शियमची गोळी घ्यायची की नाही?

याचं उत्तर 'स्वतःच्या मनाने नाही' असं आहे.

किडनीच्या रुग्णाच्या हाडांना ते कॅल्शियम मिळेलच असं नाही. उलट रक्तात वाढलेलं कॅल्शियम आणि वाढलेलं फॉस्फरस एकत्र आले की धमन्या कडक होण्याला हातभार लागतो. २०१७च्या सूचनांमध्येही कॅल्शियमयुक्त औषधांचा डोस मर्यादित ठेवा, असं सुचवलेलं आहे.

पण इथे एक महत्त्वाचा बारकावा आहे. डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली असेल, तर हे वाचून ती बंद करू नका. काही रुग्णांना कॅल्शियम कार्बोनेट किंवा कॅल्शियम अ‍ॅसिटेट हाडांसाठी नाही, तर जेवणातलं फॉस्फरस बांधून ठेवण्यासाठी दिलेलं असतं. ही गोळी जेवतानाच घ्यायची असते. घासासोबत पोटात गेली तरच ती फॉस्फरसला पकडते आणि शौचावाटे बाहेर नेते. तीच गोळी रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेतली तर फॉस्फरस पकडायला पोटात अन्नच नसतं, आणि कॅल्शियम मात्र रक्तात जातं.

म्हणून चिठ्ठीवर 'जेवणासोबत' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ जेवणानंतर तासाभराने असा होत नाही. घरात आई-वडिलांच्या गोळ्या तुम्ही काढून देत असाल, तर एवढं एक तपासाच.

व्हिटॅमिन डीच्या ६० हजार युनिटच्या पुड्या किंवा गोळ्यांबाबतही तेच. तपासणीशिवाय आठवड्यामागून आठवडे त्या घेत राहू नका.

ताटात काय बदलायचं?

किडनीच्या रुग्णाला 'डाळ बंद, दूध बंद, सगळंच बंद' असं सांगणारे खूप भेटतात. पण सगळं फॉस्फरस सारखं नसतं.

डाळी, ज्वारी, हरभरा यांतलं फॉस्फरस अशा रूपात असतं की त्यातलं साधारण निम्मं किंवा त्याहून कमीच शरीर शोषून घेतं. दूध आणि मांसातलं त्यापेक्षा जास्त शोषलं जातं. आणि पाकिटबंद पदार्थ टिकावेत म्हणून कारखान्यात मिसळलेलं फॉस्फेट ९० टक्क्यांपर्यंत शोषलं जातं.

म्हणजे वरणाच्या वाटीपेक्षा काळ्या रंगाच्या कोल्ड्रिंकची बाटली, प्रोसेस्ड चीज, सॉसेज, झटपट तयार होणारे पदार्थ आणि बेकिंग पावडर घातलेले केक यांच्याकडे आधी बघायला हवं. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत 'फॉस्फेट' हा शब्द किंवा ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ यांपैकी आकडे दिसले, तर त्यात फॉस्फेट मिसळलेलं आहे असं समजा.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. धाराशिव जिल्हा खव्यासाठी ओळखला जातो, कुंथलगिरीचा खवा आणि पेढा तर प्रसिद्धच आहे. पण चार-पाच लिटर दूध आटवून किलोभर खवा होतो. उडून जातं ते पाणी, फॉस्फरस मागेच राहतं. त्यामुळे किडनीच्या रुग्णासाठी पेढा हा फक्त साखरेचा प्रश्न नाही.

हृदयाच्या दृष्टीने पालाश, म्हणजे पोटॅशियमकडेही लक्ष हवं. किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात असेल तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. दवाखान्यात भेटायला येणारे प्रेमाने शहाळं घेऊन येतात, पण अशा रुग्णासाठी नारळपाणी धोक्याचं ठरू शकतं. 'कमी सोडियमचं' म्हणून विकलं जाणारं मीठही तसंच. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम घातलेलं असतं.

किती प्रथिनं खायची, हे मात्र आजाराच्या टप्प्यावर ठरतं. डायलिसिस सुरू होण्याआधी ती मर्यादित ठेवतात, सुरू झाल्यावर वाढवावी लागतात. त्यामुळे शेजारच्या रुग्णाचा आहार आपल्याला लागू होत नाही.

डायलिसिसची एक पाळी चुकली तर?

ढोकीसारख्या गावातून डायलिसिससाठी धाराशिव, लातूर किंवा सोलापूर गाठावं लागतं. आठवड्यातून २ किंवा ३ वेळा जाणं-येणं, सोबत एक माणूस, त्याचा बुडालेला रोज. सुगी असते, लग्नसराई असते, पाऊस असतो. मग 'आज राहू द्या, परवा जाऊ' असं होतं.

अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की दोन डायलिसिसमधलं अंतर जेव्हा सर्वात जास्त असतं, त्यानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाच्या तक्रारी वाढतात. या काळात पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस साचत जातं आणि त्याचा भार हृदयावर येतो. चुकलेली पाळी म्हणजे हे अंतर आपणच वाढवणं.

खर्चासाठी काही आधार उपलब्ध आहेत. २०१६ साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांमध्ये गरीब रुग्णांसाठी मोफत डायलिसिसची सोय केली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार कार्ड दाखवून चौकशी करा. एसटीच्या प्रवासात डायलिसिस रुग्णांना सवलत आहे. त्यासाठी कोणतं प्रमाणपत्र लागतं, ते आगारात विचारा.

कोणत्या तपासण्या करायच्या?

मधुमेह किंवा बीपी असेल, घरात कुणाला किडनीचा आजार असेल किंवा वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, तर वर्षातून एकदा दोन तपासण्या पुरेशा आहेत. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन.

क्रिएटिनिनवरून 'ईजीएफआर' काढतात. किडनी किती गाळते, याचा हा अंदाज. तो ३ महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला, तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. लघवीतून सतत प्रथिनं जात असतील, तर आकडा ६०च्या वर असूनही आजार असू शकतो.

एकदा ईजीएफआर ६०च्या खाली गेला की पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: "माझं कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच आणि व्हिटॅमिन डी तपासायचं का? हिमोग्लोबिन किती आहे? ईसीजी किंवा टूडी इको करायची गरज आहे का?" हाडांचं दुखणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी हे आकडे बिघडायला लागतात.

बसल्या जागेवरून उठताना मांड्यांत जोर नसणं, अंगाला सतत खाज, हाडांत खोल दुखणं, पायावर सूज, आडवं झाल्यावर धाप लागणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका. छातीत दाब आला किंवा अचानक दम लागला तर थेट रुग्णालय गाठा.

हे थांबवता येतं का?

साचलेलं कॅल्शियम धमनीतून काढणं फार अवघड आहे. पण ते साचण्याचा वेग कमी करता येतो आणि किडनी जास्त काळ टिकवता येते.

फॉस्फरस बांधणाऱ्या औषधांमध्ये सेव्हेलामरसारखी कॅल्शियम नसलेली औषधंही आहेत. पीटीएच फार वाढलं तर सक्रिय व्हिटॅमिन डी, सिनाकॅल्सेट आणि शेवटी ग्रंथींची शस्त्रक्रिया असे पर्याय आहेत. मधुमेहावरचं म्हणून आलेलं डापाग्लिफ्लोझिन हे औषध किडनीचा ऱ्हास मंदावतं आणि हृदयालाही सांभाळतं, हे २०२० साली मोठ्या अभ्यासातून स्पष्ट झालं. भारतात ते जेनेरिक रूपात स्वस्त मिळू लागलं आहे. ते आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येईल.

बीपी आणि साखर आटोक्यात ठेवणं, रोजचं मीठ चमचाभराच्या आत आणणं आणि तंबाखू, बिडी, मिश्री सोडणं याला मात्र कोणतंही औषध पर्याय नाही.

राहिल्या दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतल्या तर धोका आणखी वाढतो. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये मधुमेह-बीपी नसलेल्या ऊसतोड मजुरांमध्ये किडनीचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला, तेव्हा उष्णता आणि पाण्याची कमतरता ही त्यामागची प्रमुख शक्यता म्हणून पुढे आली. ऊसपट्ट्यातल्या माणसांनी पाणी, सावली आणि विसावा या गोष्टी हलक्यात घेऊ नयेत, त्या यासाठीच.

पुढच्या वेळी घरातलं कुणी "कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन ये" म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं होतं? उत्तर आठवत नसेल, तर गोळ्यांच्या आधी ती तपासणी करून घ्या.